शाळा, कारखाना आणि निर्मलची खेळणी

नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, गोदावरीच्या उत्तरेस निर्मल हे गाव लागते. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. 2016 साली ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले. नांदेडकडील मंडळींना हा मुलूख परका नाही. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते.

निर्मलची कीर्ती आहे ती लाकडी खेळण्यांसाठी. येथील नक्काश मंडळी पोणिकी नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडातून पशुपक्षी आणि फळे कोरतात, सुटे अवयव जोडतात, त्यांवर चिंचोक्यांची खळ व लाकडाचा भुसा यांचा लेप चढवितात, तो घासून गुळगुळीत करतात आणि मगच रंगाला हात घालतात. लाकूड किती वाळले म्हणजे कोरावे, लेप किती दाट असावा, हे वाचून कळत नाही. बापाच्या शेजारी बसून मुलगा ते शिकत आला.

आता तो मुलगा शाळेत जातो, आणि त्याने जावयासच हवे. परंतु दहावी झाल्यावर त्याच्याजवळ प्रमाणपत्र असते, कसब नसते. आणि ज्याच्याजवळ कसब असते त्याला प्रमाणपत्र कोणी देत नाही. मग या भागातील कित्येक तरुण आखाती देशांची वाट धरतात. जवळच बासर येथे 2008 साली निघालेले विद्यापीठ दहावीतील हुशार मुलांना थेट सहा वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणक्रमास घेते. योजना उत्तम; पण ती निवडक मुलांची सोय झाली. उरलेल्यांनी कोणाचे दार ठोठवावे?

शिक्षण आणि धंदा यांची सांगड घालण्यासाठी आपल्याकडे 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत. 4 ते 29 माणसांच्या ठिकाणी ही गोष्ट मालकाच्या खुशीची. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांना हे माप शोभते. निर्मलसारख्या गावी जेथे चार माणसे एका ओसरीवर बसून काम करतात, तेथे कायद्याचा हात पोहोचतच नाही. मोठा मालक नाही म्हणून मुलास उमेदवारी नाही, हा न्याय विचित्रच म्हणावयाचा!

2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत पारंपरिक खेळणी करणाऱ्यांचाही समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मात्र ही योजना आधीच धंद्यात असलेल्या कारागिरासाठी आहे. सोळा वर्षांच्या नवशिक्याचा तिच्यात विचार नाही.

जर्मनीत अशा छोट्या कारागिरांचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला गेला. तेथे उमेदवार आठवड्यातील काही दिवस व्यवसायशाळेत आणि बाकीचे उस्तादाजवळ काढतो, आणि अखेरची परीक्षा त्या-त्या धंद्यातील लोकांचे मंडळ घेते. म्हणूनच सुताराच्या दाखल्यास तेथे किंमत आहे. निर्मलमध्येही खेळणी करणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. तिने उमेदवारांची नावे एकत्र नोंदवावीत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने आरेखन, हिशेब व विक्री शिकवावी, आणि परीक्षेच्या मेजावर शासकीय अधिकाऱ्याच्या शेजारी वृद्ध नक्काशास मानाने बसवावे. दाखल्यावर दोघांच्या सह्या असाव्यात.

त्याची पहिली पायरी तर शाळेतच घालता येईल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ काढावे, अशी सूचना आहे. हे दहा दिवस सहलीसारखे उरकले, तर व्यर्थ. मुलाने लाकूड हाती घ्यावे, एखादा पोपट बिघडवावा, आणि शाळेने त्या बिघडवलेल्या लाकडाचे पैसे कारागिरास चुकते करावेत. पोणिकीचे लाकूड आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, आणि शिकविणाऱ्याचा तोटा व्हावा अशी व्यवस्था फार दिवस टिकत नाही.