तीन ओळींत किती मावते?



वर्धापनदिनानिमित्त समितीने यंदा तुमच्याकडून हायकू मागवले आणि ते वाचायचे काम आमच्याकडे दिले. बऱ्याच कागदांवर एक लांब घोषणा तीन तुकडे करून लिहिलेली आहे. घोषणा खोटी नाही, मोर्च्यात ती आम्हीही दिली आहे. पण तिला हायकू म्हणता येत नाही. का येत नाही, तेवढेच सांगायला आम्ही उभे आहोत.

जपान आपल्याला परका नाही. सहाव्या शतकात बुद्धाचा धम्म तिथे पोहोचला. पालीतले 'झान' चीनमध्ये 'चान' झाले आणि जपानात 'झेन'. तिकडूनच पुढे भदंत सुरई ससाई नागपूरला आले. १९९९ साली जपानी उपासिकेच्या दानातून कामठीला ड्रॅगन पॅलेस उभे राहिले. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. ज्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला त्या आचार्य अत्र्यांच्या त्या कन्या. २०१७ साली त्या गेल्या.

आता प्रकार पाहू. सर्वांत जुना तांका. ओळी पाच, ध्वनी ५-७-५-७-७, एकूण ३१. आठव्या शतकातल्या 'मानयोशू' या संग्रहात बहुतेक तांकाच आहेत, आणि त्यात सरहद्दीवर पाठवलेल्या साध्या शिपायांचीही गाणी आहेत. तांकात कवी आपले मन बोलून दाखवतो. पुढे बैठकीत एकाने तीन ओळी म्हणायच्या आणि दुसऱ्याने दोन जोडायच्या, अशी साखळी सुरू झाली, तिला रेंगा म्हणतात. तिची पहिली कडी सुटी झाली, तोच हायकू. बाशोने (१६४४ ते १६९४) त्याला उंची दिली. 'हायकू' हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मासाओका शिकीने रूढ केले. ध्वनी ५-७-५, एक ऋतूचा शब्द, मध्ये एक तोड, आणि कवी गप्प. सेनर्यूचे मापही १७ चेच, पण त्यात ऋतूची सक्ती नाही. तो माणसाला चिमटा काढतो, सामुराई असो की अंमलदार.

हे नुसते सांगून कळत नाही. म्हणून आमच्या राईस मिलमधला एकच प्रसंग तिन्ही साच्यांत घालून पाहिला. आम्ही काही कवी नाही, चालवून घ्या. हायकू असा:

पाऊस आला
अंगणी वाळे धान
बाया धावल्या

यातच दोन ओळी जोडल्या की तांका:

माझी माय त्यांच्यात
तिला छत्री कुठची

आणि सेनर्यू:

पाऊस येता
मालक मोजे पोती
छपराखाली

मालक वाईट आहे असे कुठे म्हटले का? नाही. पण तुम्ही हसलात. घोषणेत निकाल आपण देतो, इथे तो ऐकणाऱ्यावर सोडलेला असतो. (अक्षरे मोजत बसू नका. जपानी ध्वनी म्हणजे आपले अक्षर नव्हे. आपण 'गोंदिया' तीन अक्षरांत म्हणतो, तिकडे 'न' वेगळा मोजून त्याचे चार होतात.)

काही कार्यकर्ते म्हणतात, ही पोट भरलेल्यांची कविता, फुलापानांची, आपल्याला विद्रोह पाहिजे. आम्ही या आक्षेपावर पुष्कळ विचार केला. इस्सा (१७६३ ते १८२८) हा शेतकऱ्याचा पोरगा, गरिबीत राहिला, लेकरे डोळ्यांदेखत गेली. त्याने माशी, ऊ, बेडूक यांच्यावर हायकू केले. ती करुणा आपल्याला ओळखीचीच आहे. बाशोची गोष्ट थोडी वेगळी. १६८९ साली उत्तरेच्या पायी प्रवासात त्याने भात लावणाऱ्यांचे गाणे ऐकले आणि त्यावर हायकू केला. मोठा माणूस, आम्हाला आदर आहे. पण तो वाटसरू होता. जिची कंबर वाकलेली होती, तिच्या हाती लेखणी नव्हती.

आपली गोष्ट इथून सुरू होते. जपानात ऋतूच्या शब्दांचे कोश आहेत. आपले ऋतू पंचांगात कमी आणि हातात जास्त. रोवणा म्हटले की पाऊस आला, चुरणा म्हटले की थंडी आली. मोहफूल, मग तेंदूपत्ता, की उन्हाळा. हे शब्द आलेल्या कागदांत आम्हाला फार थोडे दिसले. गुलाब आणि चंद्र मात्र भरपूर. घरात ज्यांना हे शब्द रोज बोलावे लागतात, त्यांच्याकडून कागद आलेच नाहीत.

म्हणून समितीला विनंती आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बायांना घेऊन बसू. एकीने तीन ओळी म्हणायच्या, दुसरीने दोन जोडायच्या. जात्यावर आपल्या आया-आज्या हेच करत होत्या, एकीने ओवी उचलली की दुसरी पुढे नेई. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या ओळी आमची पोरे उतरवून घेतील, आणि त्या त्यांच्याच नावाने छापायच्या.

जय भीम. नमो बुद्धाय.