ताप उतरला, सांधे धरले



तापाच्या आजारात ताप उतरेपर्यंत घरातील सर्वांचे लक्ष रुग्णाकडे असते. ताप उतरला की आजार संपला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. चिकुनगुन्याच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. ताप चार-पाच दिवसांत निघून जातो. मनगटे, बोटांची पेरे, घोटे आणि गुडघे मात्र धरलेले राहतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, जमिनीवर पाऊल टेकवत नाही. आणि नेमके याच वेळी रुग्ण बरा झाला असे समजून त्याला कामास जुंपले जाते.

या रोगाच्या नावाचाही खुलासा करावयास हवा. आफ्रिकेतील टांगानिका, म्हणजे आजचा टांझानिया, या देशात १९५२-५३ साली आलेल्या साथीत हा रोग प्रथम ओळखला गेला. वाकवून टाकणारा, अशा अर्थाच्या तेथील माकोंडे भाषेतील शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. कोंबडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला आणि त्याच वर्षी राज्यात चिकुनगुन्या पसरला. नावाच्या साम्यामुळे लोकांनी दोहोंची गल्लत केली, हे त्या काळात स्वाभाविकच होते. परंतु या गल्लतीत खरा गुन्हेगार, म्हणजे घरातील रांजणात वाढणारा डास, मोकळाच राहिला.

महाराष्ट्रास हा रोग २००६ पूर्वी अपरिचित होता असे नाही. भारतात १९६३ साली कलकत्त्यास, १९६५ साली नागपुरास आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस त्याच्या साथी आल्या. बार्शीत तर एक तृतीयांशाहून अधिक लोकांना त्याची बाधा झाल्याची नोंद आहे. त्यानंतर सुमारे तीन दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला. २००५ च्या अखेरीस तो आंध्र आणि कर्नाटकात पुन्हा प्रकटला व २००६ मध्ये मालेगाव, मराठवाड्यातील जिल्हे आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, येथपर्यंत येऊन पोहोचला. त्या वर्षी देशात १३ लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने विषाणूची तपासणी केली, तेव्हा तो बार्शीच्या वेळच्या आशियाई वंशाचा नसून आफ्रिकी वंशाचा असल्याचे दिसून आले. मधल्या तीस वर्षांत जन्मलेल्या पिढीच्या शरीरास या विषाणूची ओळखच नव्हती.

आपला जिल्हा बव्हंशी पर्जन्यछायेत मोडतो. जामखेड, कर्जत, पाथर्डी या भागांत नळास रोज पाणी येतेच असे नाही. टंचाईच्या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. साहजिकच घरोघरी रांजण, पिंपे, हौद भरून ठेवले जातात. एडिस इजिप्ती या जातीच्या डासास हेच हवे असते. तो गटाराच्या पाण्यापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. अंड्यापासून उडता डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयाचा असतो. मात्र भांडे नुसते उपडे करून भागत नाही. या डासाची अंडी काठाला चिकटून कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने टिकतात. तेव्हा रांजणाच्या आतील कडा घासूनच काढावयास हवी. धूर फवारणी लोकांना दिसते, त्यामुळे ग्रामपंचायतीकडे तिचीच मागणी अधिक होते. परंतु धुराने अळी मरत नाही. ज्या हौदाचे पाणी ओतून देणे शक्य नाही, तेथे गप्पी मासे सोडणे अधिक उपयुक्त होय.

आता सांध्यांकडे वळू. विषाणू रक्तात साधारणपणे आठवडाभरच आढळतो. त्याला हुसकावण्यासाठी शरीराने उभी केलेली प्रतिकारशक्ती पुढेही सांध्यांच्या अस्तरात धुमसत राहते आणि त्यामुळे सूज येते. विषाणूचे अंश तेथे काही काळ टिकून राहत असल्याचेही संशोधनात आढळले आहे. २००६ च्या साथीनंतर पुण्याच्या संधिवात तज्ज्ञांनी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात दोन वर्षे रुग्णांचा पाठपुरावा केला. बहुतेकजण काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरले. थोड्यांचे दुखणे मात्र दीर्घकाळ रेंगाळले. चाळिशी उलटलेल्यांना, स्त्रियांना आणि ज्यांचे सांधे आधीच दुखत होते त्यांना हा धोका अधिक असतो.

साथ येते पावसाळ्यात व त्यानंतर. आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड जोडपी बाहेर पडतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि कोयता धरावयाचा तर मनगट सुजलेले! अशा वेळी लवकर बरे होण्यासाठी सुईचा आग्रह धरला जातो. तापाच्या दिवसांत मात्र विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल एवढेच इष्ट होय. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन वा तत्सम वेदनाशामके घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका असतो. स्टेरॉइडही या अवस्थेत योग्य नव्हे. ताप गेल्यावर सुजेसाठी कोणते औषध द्यावयाचे ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. सांध्यांची हलकी हालचाल मात्र घरी चालू ठेवावी.

ग्रामपातळीवर एक काम सहज होण्यासारखे आहे. साथीतील रुग्णांची यादी आशा कार्यकर्तीकडे असते. तीच यादी घेऊन तिसऱ्या महिन्यात पुन्हा घरोघर जावे व सकाळी अर्धा तासापेक्षा अधिक वेळ सांधे आखडतात काय, सूज आहे काय, एवढे विचारावे. होकारार्थी उत्तर देणाऱ्यास ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. त्यांपैकी काहींना मुळात आमवात असू शकतो आणि त्याची रक्ततपासणी व उपचार वेगळे असतात. ऊसतोडीस गेलेल्यांची नावे यादीत निराळी लिहून ठेवावीत. गावी परततील त्या आठवड्यातच त्यांची भेट घ्यावी.