पडद्यावरील कापलेले उकार

मोबाईलच्या पडद्यावर 'कुलकर्णी' हें नांव 'कलकर्णी' असें उमटलेलें आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. 'सुखी'चा उकार आणि वरचें वळण दोन्ही छाटलीं गेलीं कीं 'सखा' उरतो! निकालाच्या यादींत 'मुळे' यांचे 'मळे' झाले, म्हणजे घरची मंडळी तेंच पान पुन्हां पुन्हां चाळीत बसतात. लिहिणारानें शुद्धच लिहिलेलें असतें. दोष पान सजविणाराचा.

पानाच्या वेशभूषेची सीएसएस नांवाची भाषा होकून व्हिउम ली यांनीं १९९४ सालीं सुचविली. पुढें २०१७ मध्यें ॲडम वॉथन व त्यांचे सहकारी यांनीं टेलविंड हा संच प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक गुणाला एक छोटें नांव असतें, आणि तीं नांवें मजकुराशेजारींच ओळीनें लिहावयाचीं. व्याकरण चालवितांना पदाशेजारीं लिंग, वचन, विभक्ति मांडावी, तशीच ही रीत. मजसारख्या जुन्या मास्तराला ती चटकन् रुचते.

परंतु मापें रोमन लिपीच्या सोयीचीं. 'टेक्स्ट-फाइव्ह-एक्सएल' म्हणतांच अक्षर ४८ पिक्सेलांचें होतें, आणि ओळीची उंचीहि नेमकी ४८! रोमन अक्षरांना तें खपतें. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार आणि पायाशीं उकार. त्यानें अंग कोठें चोरावें? मथळा दोन ओळींचा झाला कीं वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. याद्यांतहि जागा वांचविण्यासाठीं 'लीडिंग-नन' देतात, तेव्हां हीच गत. वर 'ट्रंकेट' जोडलें, म्हणजे लांब मजकूर एका ओळींत कोंबून शेवटीं तीन टिंबें दिलीं, कीं चौकटीबाहेरचें सारें झांकलें जातें. उकाराचा बळी जातो तो येथें.

उपाय सोपा आहे. 'लीडिंग-रिलॅक्स्ड' जोडावें, ओळीची उंची अक्षराच्या १.६२५ पट होते. तेवढ्यानें न भागल्यास 'लीडिंग-लूज', म्हणजे दुप्पट. चौकटीला ठराविक उंचीऐवजीं किमान उंची द्यावी. आणि 'ट्रॅकिंग-वाइड' मराठीला लावूंच नये. इंग्रजी मथळ्यांना ऐट आणणारें तें अंतर आपली शिरोरेषा तोडतें, आणि शब्द दांत पडल्यासारखा दिसूं लागतो.

पान लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं मथळ्याच्या जागीं 'मूर्तींतून' हा शब्द दोन ओळींत घालून पाहावा. ऊकार, रफार, वेलांटी, अनुस्वार, सारें त्यांत आहे. तो मोबाईलवरहि पाहावा आणि मोठ्या पडद्यावरहि.