गाठी उचलण्यासाठी लोडर ट्रॅक्टर निवडताना



वैरण साठवायची म्हणजे पूर्वी पेंढ्या बांधायच्या, गाडीत भरायच्या आणि घरच्या माणसांनी मिळून गंजी रचायची. आता बऱ्याच भागांत बेलर आला आहे. भाताचा पेंढा, उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट यांच्या गाठी बांधल्या जातात. मक्याचा मुरघासही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाठीच्या रूपात मिळू लागला आहे. गाठ यंत्राने बांधली, पण ती उचलायची कोणी? मग ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवायचा विचार मनात येतो. विचार चांगला आहे. मात्र चुकीची निवड झाली तर नुसते पैसेच जातात असे नाही, ट्रॅक्टर उलटून माणूसही जातो. म्हणून घाई न करता चार गोष्टी नीट पाहू या.

पहिली गोष्ट : गाठीचे वजन. लहान गाठ साधारण 15 ते 25 किलोची असते. ती एक माणूस सहज उचलतो. तिच्यासाठी लोडर घेण्याची गरज नाही. पण 4 फूट रुंद आणि 5 फूट व्यासाची सुक्या गवताची गोल गाठ 300 ते 400 किलो भरते. मुरघासाची गाठ ओली असते, म्हणून ती 4 फूट रुंद आणि 4 फूट उंच असली तरी 600 किलोंच्याही वर जाते. आकार पाहून वजनाचा अंदाज बांधू नका. ट्रॉलीत पाच गाठी टाका, काट्यावर वजन करा, रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करा आणि पाचाने भागा. हा आकडा हाती आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

दुसरी गोष्ट : उचलण्याची ताकद. इथे पुष्कळ जण फसतात, बरं का. माहितीपत्रकात लिहिलेले असते, ‘उचल क्षमता 1600 किलो’. ही क्षमता मागच्या हायड्रॉलिक लिफ्टची असते, लोडरची नव्हे. लोडरचा आकडा वेगळा असतो आणि तोही नीट विचारून घ्यावा लागतो. कारण हा आकडा बहुधा लोडरच्या टोकाच्या पिनपाशी मोजलेला असतो. गाठीचा मध्य त्या पिनेच्या दोन-अडीच फूट पुढे असतो. वजन जितके पुढे, तितकी ताकद कमी पडते. शिवाय हात पूर्ण वर गेल्यावर उचल आणखी घटते. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा : ‘पूर्ण उंचीवर, पिनेच्या अडीच फूट पुढे, किती किलो उचलेल?’ उत्तर लेखी घ्या. त्यातून सुळ्यांचे किंवा चिमट्याचे वजन वजा करा. उरलेला आकडा तुमच्या गाठीपेक्षा चांगला जास्त असला पाहिजे.

तिसरी गोष्ट : तोल. ही सर्वांत महत्त्वाची. आता तुम्ही म्हणाल, 300 किलोची गाठ उचलली म्हणजे पुढच्या चाकांवर 300 किलो वाढले. तसे होत नाही. हिशोब करू या. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2 मीटर अंतर आहे आणि गाठीचा मध्य पुढच्या चाकांच्या दीड मीटर पुढे आहे, असे धरा. लहान मुलांच्या उलट्या-पालट्या फळीसारखे हे काम चालते. पुढच्या आसावर 525 किलो भार वाढतो आणि मागच्या चाकांवरचा 225 किलो भार उचलला जातो. लोडरचे स्वतःचे काहीशे किलो वजन यात धरलेलेच नाही.

मागचा भार कमी झाला की काय होते? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतात. मागची चाके हलकी झाली की पकड जाते आणि ब्रेकही लागत नाही. उतारावर ही वेळ आली तर ट्रॅक्टर हातात राहत नाही. म्हणून मागे वजन हवेच. काँक्रीटचा ठोकळा तीन बिंदूंच्या जोडणीवर लावता येतो. 400 किलोचा ठोकळा मागच्या आसाच्या 1 मीटर मागे लावला, तर मागच्या चाकांवर 600 किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा 200 किलो कमी होतो. ठोकळा नसेल तर गाठ उचलायचीच नाही, असा नियम घालून घ्या.

चौथी गोष्ट : ट्रॅक्टर. नुसती अश्वशक्ती पाहू नका. या कामाला ट्रॅक्टरचे वजन आणि पुढचा आस यांचे मोल जास्त आहे. दोन चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा पुढचा आस हलका असतो. रोज मोठ्या गाठी उचलल्या तर त्याची मधली पिन आणि चाकांचे बेअरिंग लवकर झिजते. मोठ्या गाठींचे काम नेहमीचे असेल तर चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर बरा. चारचाकी ओढ चालू असताना ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. पॉवर स्टिअरिंग हवेच, नाही तर भार आल्यावर चाक वळवता वळवता खांदे भरून येतील. तेलात बुडालेले ब्रेक, पुढे-मागे पटकन बदलता येणारा गिअर आणि लोडरला पुरेसे तेल देणारा पंप, हेही पाहा. जुना ट्रॅक्टर घेत असाल तर जॅक लावून पुढचा आस उचला आणि चाके हलवून पाहा. शक्य असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा त्या ट्रॅक्टरचा चाचणी अहवाल मागून घ्या.

सुक्या गाठीला सुळे चालतात. मुरघासाच्या गाठीला मात्र सुळे लावू नका. प्लॅस्टिकला भोक पडले की हवा आत जाते आणि मुरघासाला बुरशी लागते. तिथे दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा चिमटा वापरा.

चालवताना गाठ नेहमी खाली, जमिनीपासून फूट-दीड फुटावर ठेवून न्या. उंच उचललेली गोल गाठ हातांवरून गडगडत थेट चालकाच्या अंगावर येते. म्हणून गाठ धरून ठेवणारी पकड हवी आणि चालकाच्या डोक्यावर मजबूत संरक्षक चौकट हवी. वर उचललेल्या लोडरखाली कोणी जायचे नाही, मुलांना तर जवळही फिरकू देऊ नका. विजेच्या तारांखाली गंजी रचू नका. काम संपले की लोडर जमिनीला टेकवूनच इंजिन बंद करा.

शेवटी खर्चाचे बघा. वर्षाला चाळीस-पन्नासच गाठी हलवायच्या असतील तर लोडर कशाला? मागच्या लिफ्टला लावायचा सुळा स्वस्तात काम करतो. फक्त पुढे वजन लावा. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाही तर स्टिअरिंग लागत नाही. पाच-सात जणांनी मिळून एकच लोडर घेतला किंवा गटाकडून भाड्याने आणला तरी चालते.

थोडक्यात लक्षात ठेवा :
1. आधी गाठ तोला, मग लोडर पाहा.
2. लोडरची उचल पूर्ण उंचीवरची आणि लेखी घ्या.
3. मागे वजन लावल्याशिवाय गाठ उचलू नका.
4. गाठ खाली ठेवूनच ट्रॅक्टर चालवा.

वैरण पुन्हा पिकवता येते, घरचा माणूस पुन्हा मिळत नाही. एवढे ध्यानात ठेवून निवड करा. राम राम.