सत्तांतर आणि गंगेचे पाणी



वाराणसीला अहिल्याबाई होळकरांचे नाव लाभलेल्या घाटाला स्पर्शून जाणारी गंगा पुढे फराक्क्याशी विभागते. तिचा मुख्य प्रवाह बांगलादेशात शिरून पद्मा होतो. सरकार बदलले की देशाचे परराष्ट्र धोरण बदलते काय, या प्रश्नाचे उत्तर या पाण्याच्या इतिहासात शोधता येते.

कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा म्हणून पाणी हुगळीकडे वळवणारा फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच वर्षी शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. ढाक्यातील नव्या राजवटीने १९७६ मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. १९७७ मध्ये भारतातही सत्तांतर झाले. मोरारजी देसाई पंतप्रधान व अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री असताना, नोव्हेंबरमध्ये पाच वर्षांचा करार झाला. प्रवाह कितीही घटला तरी ठरलेल्या वाट्याचे ८० टक्के पाणी बांगलादेशाला मिळेल, अशी हमी त्यात होती. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर १९८२ च्या सामंजस्यपत्रातून ती हमी वगळली गेली. वाटप मात्र थांबले नाही. १९८८ नंतर आठ वर्षे कोणताच करार नव्हता.

जून १९९६ मध्ये देवेगौडा आणि शेख हसीना, दोघेही नव्याने पंतप्रधान झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी सहकार्य केले आणि १२ डिसेंबरला तीस वर्षांचा करार झाला. उन्हाळ्यात प्रवाह ७०,००० क्युसेक वा त्याहून कमी झाल्यास दोघांना निम्मे-निम्मे पाणी, हे त्याचे सूत्र. पुढे दिल्लीत वाजपेयी, मनमोहन सिंग, नरेंद्र मोदी आले. ढाक्यात खालिदा झिया आल्या. करार कोणी मोडला नाही.

यातून एक गोष्ट दिसते. बंदराची गरज आणि शेतकऱ्याची तहान निवडणुकीने बदलत नाही. बदलते ती बोलण्याची तयारी, परस्परांवरील विश्वास आणि हमी देण्याचे धैर्य. आणि या बदलाची किंमत कधीकधी आठ उन्हाळे असते.

२०२४ मध्ये ढाक्यात पुन्हा सत्तापालट झाला. कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. उद्याच्या मतदारांनो, शेजाऱ्याशी वागताना आपले सरकार काय बदलते आणि काय जपते, हे पारखून पाहण्याची सवय याच वर्गांतून लागावी.