गटारात कोण उतरतं?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सवर्णांनी आपल्या माणसांची डोकी फोडली. तळं बाटलं म्हणून शेण-गोमूत्रानं शुद्ध करून घेतलं. तळ्यात उतरायला मज्जाव. पण गटारात उतरताना आपल्याला कुणी कधी अडवलंय? तिथं विटाळ होत नाही. तिथं हाक मारून, हातावर पैसे टेकवून उतरवतात.

घटनेच्या १७ व्या कलमानं १९५० लाच अस्पृश्यता गाडली म्हणतात. मग २०२१ ला सरकारनंच संसदेत दिलेला आकडा ऐका. हातानं मैला साफ करणारी ५८,०९८ माणसं सरकारला सापडली. त्यातल्या ४३,७९७ जणांची जात नोंदलेली होती. पैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे. शेकडा ९७! आमच्या राखीव जागांवर बोटं मोडणारे या राखीव जागा मागायला कधी आले का?

कायदे आहेत. १९९३ ला एक झाला. दुसरा २०१३ चा, अमलात आला ६ डिसेंबरला. तारीख तेवढी बरोबर निवडली! सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला तर पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पळवाट इथंच आहे. साधनं दिली की उतरवायला मोकळीक. म्हंजे कायद्याला गटारातला माणूस खुपत नाही, हातमोज्याशिवायचा माणूस खुपतो. आणि हातमोजे तरी कुठायत? कमरेला दोर बांधला की झालं.

खाली हायड्रोजन सल्फाइड असतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. गॅस वाढला की नाक बधिर होतं, वासच लागत नाही. पहिला कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही कोसळतो. एका टाकीतून तीन-तीन मुडदे निघतात ते असे.

सुप्रीम कोर्टानं २०१४ ला मयताच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले, २०२३ ला ३० लाख. तो हक्क सोडायचा नाही. पण मढ्याची किंमत वाढली म्हणून जित्या माणसाची वाढली असं नाही. अन् ते पैसे मिळवायला बाईला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पोलीस ‘अपघाती मृत्यू’ लिहून मोकळे. ठेकेदार म्हणतो, माझा माणूसच नव्हे. पालिका म्हणते, ठेकेदाराला विचारा.

तेव्हा वस्तीवस्तीत तीन कामं करायची.

एक, मशीन आणा, माणूस उतरणार नाही, हे ठणकावून सांगायचं. पण नुसतं ‘उतरू नको’ म्हणून चूल पेटत नाही. २०१३ च्या कायद्यात रोख मदत, घर, पोरांना शिष्यवृत्ती, दुसऱ्या धंद्याला कर्ज आहे. त्यासाठी सर्वेक्षणात प्रत्येकाचं नाव लावून घ्यायचं.

दोन, माणूस मेला तर ठाण्यातून हलायचं नाही. २०१३ चा कायदा लावा म्हणायचं, अॅट्रॉसिटी लावा म्हणायचं. दलिताला मैला साफ करायला लावणं २०१६ पासून अॅट्रॉसिटीत बसतं.

तीन, ठेका मोडायचा. मुंबईत कचरा उचलणारे २,७०० कामगार युनियन करून लढले. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना पालिकेत कायम करायला लावलं. एकेकट्यानं हे झालं नसतं.

भिंतीवर ‘स्वच्छता हीच सेवा’ रंगवणाऱ्यांना आपलं एवढंच सांगणं: सेवा असेल तर या, आता पाळी तुमची!

जय भीम!