चराची भिंत का ढासळते?



या व्यासपीठावर आपण काव्य ऐकता, इतिहास ऐकता, वेदान्तही ऐकता. त्या पंक्तीला मी आज चर घेऊन बसलो आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या आणि तीस वर्षे बांधकाम-मजुरांची संघटना चालवणाऱ्या माणसाने दुसरे काय आणावे? पण गटाराची नळी, पाण्याचा नळ, विजेची केबल अशी आपल्या घरात येणारी बहुतेक प्रत्येक सोय आधी एका चरातून आलेली असते, आणि त्या चरात कोणीतरी उतरलेले असते.

मातीचे वजन आपल्याला जाणवत नाही, कारण आपण ती घमेल्याने उचलतो. एक घनमीटर माती म्हणजे सुमारे 18 क्विंटल. ज्वारीची शंभर किलोची अठरा पोती एकदम अंगावर पडली तर माणसाचे काय होईल, याची कल्पना करा. नुसता छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही, तोंड उघडे असून, गुदमरू शकतो. श्वास सोडला की छाती आत जाते, त्या फटीत माती बसते, आणि पुढचा श्वास तेवढा तोकडा होतो.

मग ताजा खणलेला चर सरळ उभा कसा राहतो? हेच तर त्याचे कपट आहे. चिकण मातीचे कण एकमेकांना धरून असतात. ओलसर वाळूलाही पाण्याच्या ओढीने थोडा वेळ धीर असतो. खणण्यापूर्वी शेजारची माती जो रेटा देत होती तो आपण काढून घेतो, आणि ही उरलेली चिकटच भिंतीला तोलून धरते. पण ती उन्हाने वाळते, पावसाने भिजते, शेजारून ट्रक गेला की हादरते. मुकादम म्हणतो, "कालपासून उभी आहे, काही होत नाही." मी म्हणतो, कालपासून उभी आहे म्हणूनच आज भीती अधिक.

कूलाँ नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअराने 1776 साली छापलेल्या निबंधात याचे गणित मांडले. भिंतीमागची माती पाचरीसारखी तिरकी सुटते आणि खाली घसरू पाहते, हा त्याचा मुद्दा. पुढे 1857 साली रँकिनने ते गणित पुढे नेले, आणि 1925 साली टेर्झागीच्या ग्रंथाने कणांमधल्या पाण्याचा दाब किती घात करतो हे दाखवले. पाचर सुटण्याआधी बहुधा काठापासून थोड्या अंतरावर, चराला समांतर अशी बारीक भेग पडते. माझ्या तरुणपणी आमच्याबरोबर एक म्हातारे मातीवडार होते. सकाळी चरात उतरण्यापूर्वी ते काठावर फिरून भेगेत बोट घालून पाहत. त्यांनी कूलाँचे नाव ऐकलेले नव्हते. पाचर मात्र त्यांना पुरती ठाऊक होती. त्या भेगेत पाणी शिरले की तेच पाणी पाचरीला बाहेर रेटते.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिचा भरवसा कोणी धरत नाही. मुरूम लागला की सगळे निश्चिंत होतात. पण शहरातील जमीन मूळची राहिलेली आहे कोठे? एका जुन्या चराशेजारी दुसरा चर, मधे गळका नळ, भरावाची भुसभुशीत माती. एकदा उकरलेली जमीन ही सर्वांत दगाबाज.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी एका उपनगरात ड्रेनेजच्या कामावर मी हे पाहिले. चर तीन मीटर खोल, उकरलेली माती काठावरच रचलेली, आधाराची एकही फळी नाही. लाकूड सोमवारी येणार होते. शनिवारी संध्याकाळी भिंत बसली आणि एक जण गाडला गेला. त्याचा चुलतभाऊ त्याला काढायला उडी मारून उतरला, आणि दुसरी ढेप त्याच्यावर आली. असे दुसरे मरण या धंद्यात फार वेळा येते. कागदावर शब्द पडला 'नैसर्गिक आपत्ती'. निसर्गाने माती काठावर रचली नव्हती.

नियम नाहीत असे नाही. खोदकामाच्या सुरक्षेची भारतीय मानक संहिता दीड मीटरहून खोल चराला आधार मागते, आणि उकरलेली माती काठापासून दूर ठेवायला सांगते. बांधकाम-मजुरांसाठी 1996 साली स्वतंत्र कायदाही झाला. तरी 29 जून 2019 च्या रात्री पुण्यात कोंढव्याला, पावसात, एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसे गेली, त्यांत मुलेही होती.

आता उपायांकडे वळू. जागा असेल तर भिंतीला उतार द्यावा. गल्लीत ती नसते. मग दोन्ही बाजूंना फळ्या, त्यांवर आडव्या वाशा आणि मधे दाबून बसवलेले टेकू, किंवा आत उतरवायची पोलादी पेटी. चार दिवसांच्या चराला हेच योग्य.

इमारतीच्या तळघरासाठी मोठा खड्डा घ्यायचा तर मातीलाच बळ देता येते. कल्पना जुनी आहे. भिंतीच्या मातीत आपल्या आज्या काड कालवीत. इराकमधील अकर कूफच्या प्राचीन मनोऱ्यात विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया घातलेल्या आहेत. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण चटईने घ्यायचा. आँरी विदाल या फ्रेंच इंजिनिअराने 1960 नंतरच्या दशकात पोलादी पट्ट्या घालून भरावाच्या भिंती उभ्या केल्या. मूळ जमिनीला मात्र वरून खाली जात 'खिळे' ठोकावे लागतात: दीडेक मीटर खणायचे, भिंतीत किंचित खाली झुकलेली भोके पाडायची, सळ्या घालून सिमेंट भरायचे, तोंडावर जाळी लावून काँक्रीट फवारायचे, आणि मगच पुढचा टप्पा खणायचा. फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेच्या कामावर 1972 साली हे प्रथम झाले. सुट्या वाळूत किंवा पाण्याखालच्या मऊ गाळात ही युक्ती चालत नाही. आणखी एक गोष्ट गृहस्थांनी ऐकून ठेवावी: या सळ्या शेजाऱ्याच्या जमिनीखाली जातात. आपल्या घराशेजारी असा खड्डा पडला तर नकाशा मागून घ्या.

ज्ञान आहे, साधने आहेत. अडते ते पैशापाशी. ज्या निविदेत आधाराचे काम खोदकामाच्या दरातच धरलेले असते, तेथे प्रत्येक वाचवलेली फळी ठेकेदाराच्या खिशात जाते. ते स्वतंत्र कलम असेल आणि मोजून पैसे मिळणार असतील, तर तोच ठेकेदार फळ्या हौसेने लावतो. म्हणून आमच्या संघटनेची पहिली मागणी मजुरीची नाही, या कलमाची आहे. आपण नगरसेवकांना भेटता तेव्हा तेवढे विचारा.

आणि काम संपले म्हणून सैल पडू नये. नळी बसली की आधार काढताना घाई होते, तेव्हाही माणसे जातात. तळाचा टेकू आधी काढायचा, तेवढी माती भरून धुम्मसाने ठोकायची, मग त्याच्या वरचा. असे भरीत भरीत वर यायचे. वरचा टेकू सर्वांत शेवटी, चरात कोणीही नसताना, बाहेरून काढायचा.